चालकाच्या वैद्यकीय दाखल्यात फिटचा रकानाच नाही

मा. संपादक,
महोदय,

जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना सुरू झाला की टोलनाक्यांवर नेत्रतपासणी शिबिरे भरतात. ट्रकचालकांची रांग लागते, अक्षरांचा तक्ता टांगला जातो, चष्मे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी येते. काम चांगलेच आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण त्या रांगेतल्या कुणालाही 'तुला कधी फिट आली होती का' असे विचारले जात नाही. विचारले तरी खरे उत्तर मिळणार नाही, कारण खरे बोलणाऱ्याची रोजी जाते आणि खोटे बोलणाऱ्याचा परवाना नूतनीकरण होऊन येतो. मेंदूचे व मनाचे आजार आणि व्यावसायिक चालकाचा वैद्यकीय दाखला यांचा सगळा गुंता या एका ठिकाणी आहे.

आधी कागद पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ आणि त्याखालचे १९८९ चे केंद्रीय नियम यांनुसार परवान्याच्या अर्जासोबत दोन नमुने लागतात. नमुना १ हे अर्जदाराचे स्वतःचे घोषणापत्र. त्यातला पहिलाच प्रश्न अपस्माराचा, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराचा आहे : अपस्मार, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणे, भोवळ येणे असा त्रास आहे का? नमुना १-अ हा डॉक्टरांचा दाखला. व्यावसायिक वाहनासाठी तो सक्तीचा, इतरांना चाळिशीनंतर नूतनीकरणाच्या वेळी. त्यात डॉक्टरांना काय विचारले आहे? दृष्टिदोष आहे का, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट दिसते का, हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, आणि हातापायांत काही व्यंग आहे का. संपले. अपस्मार नाही, मनोविकार नाही, झोपेचा विकार नाही, चालू असलेल्या गोळ्यांची नोंद नाही. जो प्रश्न डॉक्टरने विचारून पडताळायचा, तो अर्जदाराच्या भरवशावर सोडला आहे. आणि अर्जदाराचा फॉर्म बहुतेक वेळा एजंट भरतो. सगळ्या आजारांपुढे 'नाही', सही कर, पुढचा.

दाखल्याच्या शेवटी डॉक्टर प्रमाणित करतात की दूरची दृष्टी, ऐकण्याची क्षमता आणि हातापायांचे सांधे यांकडे आपण विशेष लक्ष दिले. प्रतिसादाचा वेळ, बाजूची दृष्टी आणि समोरच्या दिव्याने डोळे दिपल्यावर नजर सावरायला लागणारा वेळ या तीन गोष्टी तपासायच्या, पण फक्त धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीच्या चालकासाठी. गॅसच्या टँकरवाल्याची बाजूची दृष्टी पाहायची आणि पन्नास प्रवासी घेऊन घाट उतरणाऱ्या बसचालकाची पाहायची नाही, यामागचे तर्कशास्त्र आम्हाला आजवर उमगलेले नाही.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मेंदूच्या उजव्या मागच्या भागाला अर्धांगवायूचा छोटा झटका बसला की हातपाय शाबूत राहू शकतात, बोलणे शाबूत राहते, पण दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर जाते. अशा माणसाला २५ मीटरवरची नंबर प्लेट व्यवस्थित वाचता येते, कारण मधली दृष्टी ठीक असते. रंग ओळखता येतात, ऐकू येते, सांधे चालतात. नमुना १-अ च्या प्रत्येक रकान्यात तो पास होतो आणि डावीकडून ओव्हरटेक करणारी दुचाकी त्याला दिसतच नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही नजर गेल्याचे कळलेले नसते. 'गाडी डावीकडे घासायला लागली आहे' एवढीच तक्रार असते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. डॉक्टरने हातभर अंतरावर समोरासमोर बसायचे, रुग्णाला एक डोळा झाकून आपल्या नाकाकडे बघायला सांगायचे, आणि चारही कोपऱ्यांतून बोटे हलवत आत आणत 'दिसले की सांग' म्हणायचे. मग दुसरा डोळा. सगळे मिळून दोन मिनिटे. शेवटी दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन्हीकडची बोटे एकाच वेळी हलवायची, कारण काहींना एकेक बोट दिसते पण दोन्ही एकदम हलवली की डावे हरवते.

आता फिट. 'फिट येते का' हा प्रश्नच निरुपयोगी आहे. त्याचे उत्तर पाठ असते. नेमके विचारले तर माणूस बोलतो, कारण कशाचा संबंध कशाशी आहे हे त्याला ठाऊक नसते. सकाळी उठल्यावर जीभ चावलेली, उशीला रक्त लागलेले असे कधी झाले का? अंथरूण ओले झाले का? उठल्यावर अंग ठेचल्यासारखे दुखत होते का? सकाळी चहाचा कप हातातून उडाला असे होते का, विशेषतः जागरणाच्या दुसऱ्या दिवशी? हा शेवटचा प्रश्न तरुण चालकांत फार महत्त्वाचा. पहाटे हाताला बसणारे असे हिसके म्हणजे अपस्माराच्या एका प्रकाराची पहिली खूण असते आणि मोठी फिट त्यानंतर कधीतरी येते. दुचाकीवरून पडलो पण कसा ते आठवत नाही, असे कधी घडले का? शेवटी बायकोला किंवा क्लीनरला विचारायचे : हा बोलता बोलता अर्धा-एक मिनिट टक लावून गप्प होतो का, तोंड चघळल्यासारखे करतो का, हाक मारली तर ओ देत नाही असे होते का? या प्रकारच्या झटक्यात माणूस खाली पडत नाही, स्टिअरिंगवरचे हातही सुटत नाहीत. मात्र ताशी ६० किलोमीटर वेगाने अर्ध्या मिनिटात गाडी ५०० मीटर जाते.

इथे डॉक्टरांचीही एक चूक वारंवार होते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, नॉर्मल आला की 'फिट नव्हती' असे लिहून दिले जाते. अपस्मार असलेल्या कितीतरी रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मल येतो. निदान होते ते प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या वर्णनावरून. हल्ली मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ घेतलेला असतो, तो मागावा. उलट बाजूनेही अन्याय होतो. रक्तदान करताना किंवा उन्हात उपाशी उभे राहून चक्कर येऊन पडलेल्या माणसाला दोन-चार झटके आले म्हणून 'अपस्मार' असा शिक्का बसतो आणि तीन वर्षे गोळ्या चालतात. साध्या बेशुद्धीत डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, माणूस पांढरा पडतो आणि जमिनीवर आडवा झाला की मिनिटभरात भानावर येतो. फिटनंतर मात्र पंधरा मिनिटे ते तासभर गोंधळलेला असतो, झोपाळलेला असतो. एवढा भेद नीट लिहिला तरी एखाद्याची नोकरी वाचते.

चालकांच्या बाबतीत एक कारण असे आहे की ज्याचा उल्लेख कुठल्याच कागदावर नसतो. रोज भरपूर पिणारा चालक लांबच्या ट्रिपला निघाला की पिणे बंद करतो. नाक्यावर पकडले जाऊ नये म्हणून, किंवा खरोखरच जबाबदारीने. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत दारू तुटल्याची फिट येऊ शकते. म्हणजे श्वास तपासणीच्या यंत्रात तो साफ शून्य दाखवतो आणि नेमका त्याच काळात त्याला सर्वाधिक धोका असतो. आदल्या दिवशी हात थरथरणे, घाम, झोप न लागणे, मळमळ अशी सूचना मिळालेली असते. अशा माणसाने दारू सोडायची ती गाडीवर नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तेवढे दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मालकांना हे माहीत असले पाहिजे, कारण 'आता सुधारलाय, दोन दिवस पीत नाही' म्हणून त्यालाच नागपूर-मुंबई खेप दिली जाते.

ज्यांना अपस्मार आहे आणि औषध चालू आहे, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के लोक नीट औषध घेतल्यास फिटमुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'नीट' या शब्दात सगळे आले. चालकाच्या आयुष्यात गोळी चुकायला कारणे फार : पाकीट घरी राहिले, ट्रिप दोन दिवस लांबली, वाटेतल्या दुकानात तीच गोळी मिळाली नाही. त्यात रात्रीचे जागरण, म्हणजे फिटला आवतणच. फेनिटॉइन या स्वस्त आणि सर्वत्र मिळणाऱ्या गोळीचे गणित वेगळे आहे. ३०० मिलिग्रॅमवर ठीक असलेल्या माणसाचा डोस ४०० केला की रक्तातली पातळी दुपटीनेही वाढू शकते. मग तोल जातो, डोळे लटपटतात, एकाचे दोन दिसतात. बघणाऱ्याला वाटते हा प्यायलेला आहे. कार्बामाझेपिनच्या सुरुवातीलाही एकाचे दोन दिसू शकतात. लेव्हेटिरॅसिटाम सोयीची, पण काहींत चिडचिड इतकी वाढते की माणूस रस्त्यात उतरून भांडतो. म्हणून औषध नवे असताना किंवा डोस बदलल्यावर किमान दोन आठवडे गाडी नको, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले मालकापुढे चालत नाही. गोळ्यांची दुसरी पट्टी कपड्यांच्या पिशवीत ठेवावी, डॅशबोर्डवर नको. तिथल्या उष्णतेत औषध खराब होते. आणि पाठदुखीसाठी कुणी ट्रॅमाडॉलची गोळी दिली तर अपस्माराच्या माणसाने ती घेऊ नये, तिने फिटची शक्यता वाढते.

मग असा माणूस गाडी चालवू शकतो का? आपल्या कायद्यात याचे उत्तर वर्षांत दिलेलेच नाही. कलम ८(४) म्हणते की आजारामुळे लोकांना धोका होण्याचा संभव दिसला तर परवाना नाकारावा. किती काळ फिटमुक्त राहिल्यावर धोका संपला म्हणायचे, ते कुठेही नाही. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीसाठी अपस्मार असलेल्याने १२ महिने फिटमुक्त असावे लागते. ट्रक-बससाठी १० वर्षे, आणि तीही औषधाशिवाय. अमेरिकेत आंतरराज्य व्यावसायिक वाहनासाठी अपस्मार ही अपात्रताच आहे. पण सवलतीसाठी अर्ज करता येतो, त्याला ८ वर्षे फिटमुक्त, औषध चालू असो वा बंद, आणि औषध चालू असल्यास डोस २ वर्षे न बदललेला अशी अट आहे. ट्रकसाठी इतका कडक नियम का, याचे कारण सरळ आहे. ट्रकचालकाचा आजार इतरांपेक्षा जास्त नसतो. पण तो रोज आठ-दहा तास स्टिअरिंगवर असतो आणि हाताखाली २५-३० टनांचा माल असतो.

आमचे स्पष्ट मत असे की अवजड वाहन आणि प्रवासी बस यांसाठी मोठ्या मुदतीचा नियम आपणही घ्यावा. ज्याला अपस्मार आहे त्याने बसवरून उतरावेच. त्यात भावनेला जागा नाही. पण तोच दंडक गल्लीत भाजी पोहोचवणाऱ्या छोट्या टेम्पोला लावला तर कुणीच आजार सांगणार नाही. तिथे दोन वर्षे फिटमुक्त, रात्रपाळी नाही, दर वर्षी तपासणी, अशी मधली पायरी हवी. मेंदूत फीतकृमीची गाठ होऊन एखाद-दोन फिट येणे आपल्याकडे नेहमीचे आहे. गाठ पूर्ण विरली, औषध संपले, पुन्हा काही झाले नाही, अशा तरुणाला आणि वीस वर्षांच्या अपस्माराच्या रुग्णाला एका मापाने मोजणे चूक ठरेल.

या छोट्या गाड्यांच्या बाबतीत एक मोठी फट नुकतीच पडली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहन चालवायला वेगळ्या नोंदीची गरज नाही. रोजगाराच्या आणि विम्याच्या दृष्टीने निकाल सोयीचा आहे. पण वैद्यकीय बाजूने पाहा : तिशीच्या आत हलक्या वाहनाचा खासगी परवाना काढला की तो वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो, आणि त्यासाठी फक्त नमुना १ चे स्वघोषणापत्र लागते. म्हणजे विसाव्या वर्षी परवाना काढून दिवसभर मालाचा टेम्पो हाकणाऱ्याला चाळिशीपर्यंत एकही डॉक्टर पाहत नाही. अपस्माराचे काही प्रकार आणि गंभीर मनोविकार यांची सुरुवात नेमकी याच वयात होते. अवजड वाहनांकडेही फार आशेने पाहावे असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने व्यावसायिक परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, धोकादायक मालाची एकावरून तीन.

झोपेच्या विकाराबद्दल थोडक्यात, कारण त्यावर उपाय आहे आणि तरीही तो होत नाही. जाड मानेचा, घोरणारा, दिवसा पेंगणारा चालक हा आपल्या महामार्गांवरचा नेहमीचा माणूस. झोपेत श्वास अडकतो, तासाला पंधरा-तीस वेळा झोप मोडते, त्याला कळतही नाही. मालकाला वाटते आळशी आहे. तपासणीला एक मोजपट्टी, वजनकाटा आणि रक्तदाबाचे यंत्र पुरते. घोरणे, दिवसभर थकवा, श्वास अडकताना कुणी पाहिले असणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३५ च्या वर, वय पन्नासच्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणे. या आठांपैकी तीन जुळले तर संशय, पाच जुळले तर झोपेची चाचणी करावीच. श्वासाचे यंत्र लावून झोपले की काही दिवसांत दिवसाची पेंग कमी होते. यंत्रात वापराची नोंद राहते, त्यामुळे पडताळणीही सोपी : निदान ७० टक्के रात्री, रात्री चार तास तरी. अशा माणसाचा परवाना काढून घेण्याचे कारण नाही. फक्त यंत्र केबिनमध्ये चालेल अशी विजेची सोय मालकाने करून द्यावी.

मनाच्या आजारांकडे येताना महाराष्ट्रात एक तारीख टाळता येत नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी पुण्याच्या स्वारगेट आगारातून एसटी बस पळवून एका चालकाने नऊ जणांचा जीव घेतला. खटल्यात बचाव पक्षाने मनोविकाराचा मुद्दा मांडला, न्यायालयांनी तो मान्य केला नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. त्या घटनेनंतर 'चालकांची मानसिक तपासणी करा' अशी हाकाटी झाली. पण कुणी मानसोपचारतज्ज्ञ अर्ध्या तासाच्या गप्पांत 'हा पुढे असे करील' असे सांगू शकत नाही. तशी तपासणी मागणे म्हणजे दाखल्याच्या धंद्यात आणखी एका शिक्क्याची भर. ज्या गोष्टी तपासता येतात त्या साध्या आहेत. मागच्या वर्षभरात मानसोपचारासाठी दाखल व्हावे लागले का? कोणती औषधे चालू आहेत, शेवटचा डोस कधी बदलला? झोप किती? मरणाचे विचार येतात का? आणि बोलताना लक्ष टिकते का, प्रतिसाद संथ आहे का, हे समोरच दिसते.

निदानाच्या नावावरून पात्रता ठरवू नये. नैराश्याचा उपचार घेत असलेला, सहा महिने स्थिर असलेला चालक हा नैराश्य लपवून रात्री दोन वाजता जागा असलेल्या चालकापेक्षा केव्हाही सुरक्षित. उन्मादाचा किंवा तीव्र मनोविकाराचा झटका येऊन गेला असेल तर मात्र मोठ्या वाहनासाठी वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय दाखला देऊ नये. ब्रिटनमध्ये हीच मुदत आहे आणि ती शहाणपणाची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मनोविकाराचे निदान झाले म्हणजे माणूस विकल मनाचा ठरत नाही. आरटीओतल्या कारकुनापर्यंत ते पोहोचलेले नाही.

मनोविकाराच्या औषधांत खरा धोका पेंगेचा. ताणासाठी सर्रास दिली जाणारी क्लोनाझेपाम शरीरात निम्मी व्हायला ३० ते ४० तास घेते. रोज रात्री घेतली की साठत जाते. अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी डोकेदुखीसाठी, ओलान्झापिन झोपेसाठी, आणि वर सर्दीची गोळी, असे मिश्रण पोटात घेऊन पहाटे चारला गाडी सुटते. मनःस्थितीतल्या टोकाच्या चढउतारांसाठी लिथियम घेणाऱ्या चालकाची गोष्ट आणखी नाजूक. रक्तातली पातळी ०.६ ते १.० च्या दरम्यान हवी, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये घाम जातो, लघवीला थांबावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते, पाठ दुखते म्हणून डायक्लोफेनॅक घेतली जाते. या तिन्ही गोष्टी लिथियमची पातळी वर नेतात. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, बोलणे अडखळू लागले तर गाडी कडेला लावून दवाखाना गाठावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या गाड्या मात्र अजून वर्षानुवर्षे धावणार.

मूळ प्रश्न पोटाचा आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २०(४) नुसार सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला सेवेत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. एसटीसारख्या, कायद्याखाली स्थापन झालेल्या महामंडळालाही हे लागू आहे. २०२५ मध्ये तेलंगणातील परिवहन महामंडळाच्या एका चालकाला रंगांधळेपणामुळे निवृत्त केले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला पर्यायी नोकरी द्यायला लावली. पण या कायद्याच्या अनुसूचीत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, मनोविकार आहे, अपस्माराचे नाव मात्र नाही. 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार, जसे की' असे शब्द असल्याने दार थोडे उघडे आहे, पण ते प्रत्येक चालकाने वकील लावून ढकलायचे का? राज्य शासनाने एका परिपत्रकाने एवढे सांगावे की फिटमुळे गाडीवरून उतरवलेल्या चालकाला हे संरक्षण मिळेल. खासगी मालकाकडे तर काहीच नाही. तिथे आजार सांगणे म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर.

लपवाछपवी ही आपलीच खोड आहे असेही नाही. २२ डिसेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात कचऱ्याच्या गाडीच्या चालकाची शुद्ध हरपली आणि सहा पादचारी मरण पावले. त्याला २०१० मध्ये बसच्या चालकाच्या आसनावर भोवळ आली होती आणि ती त्याने पुढच्या अर्जांत दडवली होती, असे चौकशीत निघाले. तिथे नियम होते, मुदती होत्या. तरी आजाराची माहिती अर्जदाराच्या तोंडूनच येत होती. म्हणून डॉक्टरांनीच परस्पर कळवावे अशी सूचना पुढे येते. कॅलिफोर्नियात तसा कायदा आहे. आम्हाला तो आपल्याकडे नको वाटतो, कारण इथे रुग्ण कळवणाऱ्या डॉक्टरकडे येणेच थांबवील आणि भोंदूकडे जाईल. अपवाद एकच : स्पष्ट सांगूनही जो बस चालवतच राहतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ गोपनीयतेला असा अपवाद मान्य करते. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून आवश्यक तेवढीच माहिती देता येते.

बरेचसे काम केंद्राच्या दुरुस्तीची वाट न पाहता होण्यासारखे आहे. परिवहन आयुक्तांनी नमुना १-अ सोबत एक पुरवणी पान सुरू करावे. फिट, बेशुद्धी, अर्धांगवायू, झोप, मनोविकार, दारू, चालू औषधे, बाजूची दृष्टी, आणि शेवटी तीन पर्याय : योग्य, अमुक तारखेपर्यंत अयोग्य, अटींसह योग्य. आज डॉक्टरपुढे 'फिट' आणि 'अनफिट' एवढे दोनच शब्द आहेत, आणि कुणाच्या पोटावर पाय नको म्हणून तो पहिलाच निवडतो. कमी मुदतीचा परवाना देण्याची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम १४ मध्ये नाही हे खरे. मात्र कलम १६ नुसार, चालक आजारामुळे अयोग्य असल्याचे वाजवी कारण दिसले तर परवाना चालू ठेवण्याची अट म्हणून पुन्हा वैद्यकीय दाखला मागता येतो. वार्षिक तपासणीला एवढा आधार पुरेसा आहे. आज हे कलम जवळपास अपघात झाल्यावरच आठवते.

ज्या चालकाला आजच पहिली फिट आली आहे त्याच्यासाठी. गाडी बंद, दुचाकीसुद्धा. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवून एमआरआय आणि ईईजी करावा, पाहणाऱ्याला सोबत न्यावे. नमुना १ मध्ये 'हो' लिहिले म्हणजे परवाना आपोआप जात नाही; त्याच नमुन्याच्या टिपेत म्हटले आहे की 'हो' असल्यास सविस्तर माहिती जोडावी. ती जोडताना शेवटच्या फिटची तारीख, तपासण्या, औषध आणि डोस, तज्ज्ञाचे मत असा एक पानी अहवाल द्यावा. 'ड्रायव्हिंग जाणार' म्हणून मन खचले असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. आजार असताना गाडी चालवून पकडले गेल्यास कलम १८६ खाली पहिल्या वेळी एक हजार, पुढे दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. अपघात झाला तर त्याहून पुष्कळ मोठे प्रकरण होते. आरटीओने परवाना नाकारला किंवा रद्द केला तर आदेश कारणांसह लेखी मागावा, तो देणे कलम १७ नुसार त्यांच्यावर बंधनकारक आहे. आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते, आणि त्यासोबत वरचाच एक पानी अहवाल जोडावा.

आपले,
एक मेंदूविकारतज्ज्ञ, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक
पुणे